फुटबॉलचा सिनेमा आणि अभिप्रायाची वही

आमच्या हॉलमध्ये सिनेमा संपला की माणसं आधी चपला शोधतात आणि मग मत. चपला दाराबाहेर असतात. मतासाठी जिन्याच्या तोंडाशी एक लाकडी टेबल आहे, त्यावर अभिप्रायाची वही आणि वहीला सुतळीनं बांधलेलं पेन. बांधलेलं असूनही पेन जातं. सुतळी राहते.

त्या वहीपाशी उभं राहणं हे माझं काम होतं. एकवीस वर्षं केलं. तसं म्हटलं तर मी झाडणारी, सतरंज्या घालणारी, माठ भरणारी बाई. पण चित्रपट मंडळाचा नियम आहे की प्रत्येक खेळानंतर प्रेक्षकांचा अभिप्राय घ्यावा, आणि तो घ्यायचा तर कोणीतरी वाट अडवून उभं राहावं लागतं. मला चार माणसांत बोलायला जमत नाही, म्हणून मी नुसती उभी राहायचे. जिना अरुंद, मध्ये मी, बाजूला वही. पुण्यातला माणूस बाईला ढकलून जात नाही, आणि वही समोर दिसली की मत दिल्याशिवायही जात नाही. त्यामुळे माझं काम न बोलता भागायचं.

मी चौथी शिकले. पुढचं या वहीनं शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट झाली की मी टेबलापाशी बसून आदल्या दिवसाचं पान वाचायचे. सुरुवातीला एका पानाला तास लागायचा. नंतर नंतर अक्षरावरून माणूस ओळखू यायला लागला, आणि मग अभिप्राय न वाचताही कळायला लागला.

गेल्या दिवाळीत मी काम सोडलं. एका जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वही मंडळाच्या सरांनी मला देऊन टाकली. त्याच पानांवर हे लिहिते आहे. पानावर तीन रकाने आखलेले आहेत, नाव, अभिप्राय आणि सूचना. मी तिन्हींतून सरळ लिहीत चालले आहे. दिवाळी अंकात दर साली सरांचा लेख येतो. माझं हे कुठं द्यायचं नाही, तेव्हा रकाने मोडले तरी चालेल.

बाहेरच्या माणसाला वाटेल की अशा वहीत लोक सिनेमाबद्दल लिहितात. कधी कधी लिहितातही. पण बहुतेक असं असतं: ‘चित्रपट बरा. पंखा क्रमांक तीन बंद आहे.’ किंवा, ‘छायाचित्रण उत्तम. दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी खोकला घरी ठेवून यावे.’ एकांनी लिहिलं होतं, ‘नायक आमच्या धाकट्या जावयासारखा दिसतो, त्यामुळे नीट बघता आला नाही.’ एक निवृत्त मुख्याध्यापिका गुण द्यायच्या, शंभरपैकी. पंखा क्रमांक तीनबद्दल त्या वहीत जितकं लिहिलं आहे तितकं कुठल्याही दिग्दर्शकाबद्दल नाही. आमचा हॉल बुधवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली ओळीनं दुकानं कसली, तर पंख्यांची आणि वायरींची.

महिना संपला की सर वही घेऊन बसायचे. सर म्हणजे मंडळाचे चिटणीस, निवृत्त प्राध्यापक. बुटके, स्वच्छ, कायम घाईत, आणि मला कधीही अगं-तुगं न करणारे. ते प्रत्येक पानाच्या खाली ‘नोंद घेतली’ असं लिहून सही करायचे. नोंद घेतली की तक्रार मिटली, असं मंडळात धरतात.

आता फुटबॉलच्या सिनेमाचं सांगते.

त्याला नाव आहे, पण लांबलचक आहे, कोणी घेत नाही. सगळे फुटबॉलचा सिनेमाच म्हणतात. काळा-पांढरा, पन्नासेक वर्षांपूर्वीचा. ज्यानं काढला त्यानं आयुष्यात तेवढा एकच काढला आणि नंतर पाण्याच्या मोटारी विकल्या. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं सिनेमाची लोखंडी पेटी मंडळाला दिली. पहिल्या दिवसापासून सर त्याला अभिजात म्हणायला लागले. अभिजात म्हणजे काय असं मी दिनकरकाकांना विचारलं. दिनकरकाका आमचे ऑपरेटर, सिनेमाचं मशीन चालवणारे. ते म्हणाले, ‘ज्याची दुसरी प्रत कुठं मिळत नाही ते.’

गोष्ट अशी आहे. साखर कारखान्यातले कामगार एका रानात फुटबॉल खेळतात, अनवाणी. साहेब लोकांना त्या रानात ऊस लावायचा आहे. मग ठरतं की कामगार आणि साहेब यांचा सामना घ्यायचा, कामगार जिंकले तर मैदान त्यांचं, हरले तर नांगर. कामगारांचा पुढारी आहे उसाच्या गाड्या वजन करणारा काटावाला. इतका जाड की धावताना त्याच्यामागे त्याच्याच संघातली माणसं लपतात. खूप हसू येतं. मध्येच त्याचं पोर आजारी पडतं तेव्हा रडूही येतं. शेवटी दोन्ही बाजूंचे सारखे गोल होतात, एक मिनिट उरतं, काटावाला डोळे मिटून लाथ मारतो, चेंडू वर जातो, सगळे माना वर करून बघतात. वर नुसतं आभाळ. आणि पडदा पांढरा होतो.

पहिल्यांदा दाखवला तेव्हा हॉलमध्ये कोणी उठेना. दिनकरकाका वरच्या खोलीतून धावत आले आणि सरांच्या कानाशी म्हणाले, मला फिल्मचं शेपूट तुटल्यासारखं वाटतंय. पण सर तोवर उभे राहिले होते आणि बोलायला लागले होते. चेंडू खाली न आणणं यातच दिग्दर्शकाची थोरवी आहे, असं ते वीस मिनिटं बोलले. कोणीतरी विचारलं, मग ‘समाप्त’ ही पाटी कशी नाही आली. सर म्हणाले, ती न येणं हीच पाटी आहे. टाळ्या पडल्या. त्यानंतर शेपटाचा विषय कोणाला काढता आला नाही. पुढे सरांनी त्या आभाळावर एक पुस्तिका लिहिली, तिच्या बऱ्याच प्रती अजून कपाटात आहेत, आणि दर वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला तोच सिनेमा जुन्या मशीनवर लावायचा असं ठरलं.

त्याच पहिल्या खेळाला वहीत एक सूचना आली होती, लेलेसाहेबांची. लेलेसाहेब निवृत्त इंजिनियर. ‘टेबल हलते. त्यामुळे अक्षर बिघडते व मताचे वजन कमी होते.’ टेबलाचा एक पाय बोटभर आखूड होता. मी पुठ्ठा लावून पाहिला, तो दबला. सिनेमाची पेटी आली तेव्हा मी ती ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती. तिच्यात तीन मोठे चपटे डबे होते, त्यांच्यावर रंगानं एक, दोन, तीन लिहिलेलं, आणि एक लहान डबा, बिस्किटाच्या डब्याएवढा, त्याच्यावरचा कागद माझ्या फडक्यालाच निघून आला. मी दिनकरकाकांना विचारलं, हा काय करू. ते मशीनमध्ये डोकं घालून बसलेले. न बघता म्हणाले, ठेव कुठंतरी. तेव्हापासून कोपऱ्यात पडलेला तो डबा मी आता टेबलाखाली घालून पाहिला, बरोबर बसला. जाडी अगदी मापाची. पुढच्या खेळाला लेलेसाहेबांनी लिहिलं, ‘टेबल स्थिर. आभार.’ एकवीस वर्षांत माझ्या कामाचं वहीत आलेलं तेवढं एकच कौतुक. मला फार बरं वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगू.

मग दर वर्षी त्या टेबलावर शेवटाबद्दल मतं पडायला लागली. पंख्याखालोखाल शेवट. गोल झाला म्हणणारे आणि नाही झाला म्हणणारे असे दोन पक्ष झाले. लेलेसाहेबांनी गणित करून आणलं, चेंडू इतक्या अंशांत उडाला, सबब गोलच्या अलीकडे बारा फुटांवर पडेल, मैदान गेलं. दर वर्षी ते गणित ते नव्यानं मांडायचे आणि दर वर्षी बारा फूटच यायचे. एका बाईंनी लिहिलं, चेंडू म्हणजे स्त्री. त्याखाली कोणीतरी लिहिलं, मग लाथ मारणारा कोण ते आम्हाला ठाऊक आहे. मुख्याध्यापिकाबाई दर वर्षी बासष्ट गुण द्यायच्या. एका वर्षी एकसष्ट दिले, तर सरांनी घरी फोन करून एक गुण कुठं गेला असं विचारलं. बाई म्हणाल्या, मला त्या दिवशी सर्दी होती.

सात वर्षं असं चाललं. आठव्या वर्षी पुण्याजवळच्या मांजरी गावचे बबनराव आले.

पेपरात खेळाची दोन ओळींची बातमी वाचून आले होते, दोन बस बदलून. धोतर, टोपी, सत्तरीच्या पुढचं वय. बरोबर बायको, मालनबाई, आणि तीन नातवंडं. वर येतानाच जिन्यात मला म्हणाले, ‘बाई, म्या हाय ह्या सिनेमात. शेवटाला हाय.’ मी मान हलवली. मला वाटलं गर्दीत असतील कुठंतरी. मालनबाई पदराला घाम पुसत म्हणाल्या, ‘सिनेमात हाय म्हणून तर माझ्या बापानं दिली मला ह्यांना. त्यास्नी वाटलं दारात मोटार येईल. आली ती उसाची बैलगाडी.’

हळूहळू मला सगळं कळलं. सिनेमा मांजरीच्या रानात काढला होता. बबनराव तेव्हा विशीतले, बघायला गेले आणि त्यांना कामाला घेतलं. लग्न ठरवताना मध्यस्थानं तेवढंच सांगितलं, मुलगा सिनेमात आहे. सिनेमा लागला तेव्हा उसाची तोड चालू होती, जायला जमलं नाही, आणि आठवड्यात उतरला. तेव्हापासून पन्नास वर्षं बबनराव सांगतात की मी आहे, आणि पन्नास वर्षं मालनबाई म्हणतात की असाल. आता ते पडद्यावर दाखवायची वेळ आली होती.

पडदा पांढरा झाला तेव्हा बबनराव तसेच बसून राहिले. नातवंडं खिदळायला लागली, एक जण म्हणालं, आजोबा अदृश्य आहेत. टेबलापाशी आल्यावर त्यांनी पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘मी यात हाय.’ मालनबाई शेजारी उभ्या. म्हणाल्या, ‘लिवा, लिवा. वहीला काय, ती बिचारी सोसती.’

पुढच्या वर्षी आले. नातवंडं नव्हती, दोघंच. त्याच्या पुढच्या वर्षीही आले. त्यांना वाटायचं, आपला डोळा मिटला तेवढ्यात आपण पडद्यावरून निघून गेलो असू. म्हणून शेवटच्या प्रसंगाला ते दोन्ही पापण्या बोटांनी वर धरून बसायचे. आजूबाजूचे लोक त्यांच्याकडेच बघायचे. आणि दर वर्षी वहीत तेच, ‘मी यात हाय.’ सरांनी एकदा ते वाचून मला सांगितलं, ‘बघा शांताबाई, कलाकृतीशी एकरूप होणं म्हणजे काय ते.’ खाली नोंद घेतली.

तिसऱ्या वर्षी जाताना बबनराव माझ्यापाशी थांबले. डोळ्यांत काचबिंदू सांगितलाय, म्हणाले. बाजूबाजूनं अंधार येतोय. पुढच्या साली समोरचं तेवढं दिसंल, त्याच्या पुढं काय खरं नाही. एवढंच म्हणाले आणि काठीनं पायरी चाचपत उतरले.

त्यानंतर महिन्याभरात हॉलला रंग द्यायला माणसं आली. टेबल हलवलं, डबा मोकळा झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो उघडला. आत लोणच्यासारखा आंबट वास, आणि गुंडाळलेली फिल्म. मी टोक खिडकीशी धरलं. बारीक बारीक चौकोन, प्रत्येकात ऊस, आणि उसात अर्ध्या चड्डीतली माणसं. एका चौकोनात एक जाड माणूस. तो काटावाला होता.

मी खाली बसले. सगळं एकदमच कळलं. आठ-दहा वर्षं माणसं त्या टेबलावर वाकून लिहीत होती की शेवट नाही हाच शेवट, आणि शेवट त्यांच्या गुडघ्याखाली होता. मी ठेवलेला.

आता यापुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी डबा बंद केला आणि रंग वाळल्यावर परत टेबलाखाली सरकवला. सरांची पुस्तिका डोळ्यांपुढे आली, तिच्यासाठी त्यांना मिळालेली शाल आली, दिनकरकाकांना कोण काय बोलेल ते आलं, आणि माझं कामही आलं. सरांपुढे जाऊन तोंड उघडायचं माझ्यानं होईना. म्हणून दोन दिवसांनी मी वही उघडली आणि सूचनेच्या रकान्यात लिहिलं, ‘फुटबॉलच्या सिनेमाचा शेवटचा डबा या टेबलाच्या पायाखाली आहे. चुकून ठेवला. शांता.’ वहीत मी पहिल्यांदाच लिहीत होते. अक्षर वाकडं आलं, पण टेबल हललं नाही.

महिना संपला. सरांनी वही घेतली, पानं उलटली, खाली लिहिलं, नोंद घेतली. सही केली.

मी वाट पाहिली. एक महिना, दोन महिने. सर रोज त्या टेबलावरून जायचे. मला वाटलं, सरांना आता माहीत आहे, आणि ते गप्प आहेत म्हणजे गप्प राहायचं असतं. शिकलेल्या माणसांचं काही असेल. सही झाली होती. मी त्या सहीच्या आड वर्षभर सुखानं बसले. बबनरावांचं समोरचं तेवढं दिसणं त्या वर्षात किती कमी झालं असेल, हा विचार मी करत नव्हते, असं नाही. यायचा, मग मी झाडू घ्यायचे.

वर्धापनदिनाला दोघं आले. दुपारचा खेळ होता. मालनबाईंनी बबनरावांचा हात धरलेला, पायऱ्या मोजत आणलं. पहिल्या रांगेत बसवलं. चेंडू वर गेला, त्यांनी पापण्या वर धरल्या, पडदा पांढरा झाला. लोक उठले, चपला शोधल्या, टेबलापाशी आले. बबनरावांनी पेन मागितलं. ओळ दिसेना, म्हणून मालनबाईंनी त्यांचं बोट कागदावर ठेवून दिलं. ते लिहायला लागले, ‘मी’. मग थांबले.

‘मालन,’ ते म्हणाले, ‘नसंल बी मी. पन्नास वर्सं झाली. दुसराच कोन असंल आन् मला वाटत असंल मीच.’

मालनबाई त्यांना जन्मभर असाल, असाल म्हणून टोचत आल्या होत्या. त्या दिवशी टोचलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी वाकले आणि टेबलाखालून डबा ओढून काढला. टेबल एका बाजूला बसलं, पेन घरंगळलं, सुतळीला लटकलं. मी म्हणाले, ‘सिनेमा संपलेला नाही. राहिलेला इथं आहे.’

मला वाटलं मी हळू बोलले. पण जिन्यातली माणसं वर आली.

त्यानंतर जे झालं ते पुण्यातच व्हावं. आधी कोणी डब्याकडे पाहिलं नाही, नियमाकडे पाहिलं. लेलेसाहेब म्हणाले, जाहीर कार्यक्रमात हा भाग नव्हता, कार्यक्रमात बदल करायचा तर सात दिवस आधी सभासदांना कळवावं लागतं. दुसरे म्हणाले, हा बदल नाही, ही पूर्तता आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं की आजवर दिलेले गुण तीन डब्यांचे धरायचे की चारांचे. एक गृहस्थ म्हणाले, मी आभाळावर समाधानी आहे, मला खाली यायचं नाही. चर्चा चालू असताना दिनकरकाका माझ्या हातातून डबा घेऊन मशीनच्या खोलीत गेले होते आणि फिल्म लावत होते. जाताना फक्त माझ्या डोक्यावर टपली मारली.

शेवटी असं ठरलं की ज्यांना पाहायचं आहे त्यांनी पाहावं, ज्यांचा विरोध आहे त्यांनी विरोध नोंदवावा. विरोध करणाऱ्या नऊ जणांनी खुर्च्या उलट्या फिरवल्या आणि पडद्याकडे पाठ करून बसले. लेलेसाहेब त्यांत मधोमध. सर दारात उभे होते, ना आत ना बाहेर.

दिवे गेले. पडदा जरा थरथरला, चरे पडले, मग आभाळ आलं. त्यातून चेंडू खाली आला आणि मैदानात न पडता उलट दिशेला, मागच्या उसात पडला. खेळाडू उसात घुसले. साहेब घुसले. पंच घुसला. बघणारी सगळी माणसं घुसली. मैदान रिकामं, नुसता ऊस हलतोय, आतून शिव्या. हॉलमध्ये हसू फुटलं. उलट्या खुर्च्यांवरच्या माना एक एक करून वळायला लागल्या. मग उसाच्या दुसऱ्या टोकातून एक पोरगा बाहेर आला. धोतर, टोपी, काखेत चेंडू, आमच्याकडे पाठ. सबंध मैदान तो सावकाश चालत गेला, गोलमध्ये शिरला, जाळीत चेंडू ठेवला, जसा घरात तांब्या ठेवावा, डाव्या हातानं धोतर सावरलं, काही विसरलं की काय अशी एकदा मागं मान वळवली, आणि निघून गेला. लोक उसातून बाहेर येतात तर चेंडू जाळीत. कोणी पाहिलेलं नाही. पंच घाबरून शिट्टी मारतो. गोल. मैदान वाचतं. समाप्त.

बबनराव पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी ठेवून बसले होते. त्यांना किती दिसलं ते मला माहीत नाही. पण मालनबाईंचा आवाज मला मागेपर्यंत ऐकू आला.

‘ह्येच,’ त्या म्हणाल्या. ‘धोतर तसंच सावरत्यात अजून. आन् पाय बी तवापासनंच फेंगडे.’

दिवे लागले. लेलेसाहेब पूर्ण वळून बसले होते. पडद्याकडे बघतच म्हणाले, ‘मी वारा धरला नव्हता.’

त्या दिवशी हलत्या टेबलावर दोन पानं भरली. बहुतेकांना शेवट आवडला नाही. ‘पूर्वीचा शेवट अधिक खोल होता.’ ‘ऊस अनावश्यक.’ ‘एवढी वर्षे विचार करायला लावून उत्तर देणे योग्य नव्हे.’ ‘गुण ५४.’ मालनबाईंना लिहिता येत नाही. त्या मला म्हणाल्या, तू लिव माझ्या नावानं. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, लिव, हे होते त्यात. मी तसंच लिहिलं. सिनेमातलं ते मैदान अजून तिथं राहिलं असेल ना, असं बबनरावांना कोणीतरी विचारलं. ते म्हणाले, तिथं सोसायटी हाय, सात मजली, आमचा थोरला तिथंच वॉचमन हाय. आणि काठी टेकत, मालनबाईंना पुढे घालून, जिना उतरले. येताना त्या त्यांना धरून आल्या होत्या.

सगळे गेल्यावर सर माझ्यापाशी आले.

‘शांताबाई, किती वर्षं माहीत होतं तुम्हाला?’

‘एक वर्ष.’

‘मग मला का सांगितलं नाही?’

‘वहीत लिहिलं होतं,’ मी म्हणाले. ‘तुमची सही आहे.’

त्यांनी वही मागितली. मी पान काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, सही पाहिली, चष्मा पुसला, परत पाहिली. मग आधीची पानं उलटायला लागले, एक एक करून, सावकाश. पंखा, खोकला, पंखा, मी यात हाय, पंखा. अंधार पडायला आला तरी वाचत होते. मी माठ धुऊन ठेवला आणि घरी गेले.

मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. आठवड्यानं सर आले ते हातात पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन, आभाळावर लिहिलेल्या. सुतळीनं आठ प्रती बांधल्या होत्या. म्हणाले, ‘शांताबाई, जाडी बघा बरं बसते का.’ मी म्हणाले, सात पुरतील. आठवी त्यांनी परत खिशात घातली. टेबल आता हलत नाही.

मंडळानं ठराव केला की यापुढे सिनेमा आभाळापर्यंत दाखवून दहा मिनिटं थांबावं, ज्यांना शेवट नको त्यांनी तेवढ्यात जावं, बाकीच्यांसाठी चौथा डबा. पुढच्या वर्षी कोणीही गेलं नाही. तरी दहा मिनिटं थांबलेच, ठराव होता म्हणून.

त्या वर्षी बबनराव आले होते. आता अगदीच दिसत नव्हतं. मालनबाई शेजारी बसून कानात सांगत होत्या, आता उसातनं निघाला, आता चाललाय बघा तुमी, काय ती चाल. खेळ सुटल्यावर ते टेबलापाशी आले. मी वही पुढे केली, त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. तीन वर्षं लिहिलेलं वाक्य मला पाठ होतं. त्यांनी जरा विचार केला, टोपी काढून कपाळ पुसलं, आणि लिहिलं, ‘पंखा तीन बंद हाय.’

सरांच्या सहीसाठी मी महिना संपायची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या दुकानातून माणूस बोलावला आणि पंखा सुरू करून घेतला.